मागच्या बेअरिंगचा गंज

रत्नागिरीत माझे ग्रास कटर, फवारणी पंप आणि होड्यांची लहान इंजिने दुरुस्त करण्याचे वर्कशॉप आहे. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तेथे पाय ठेवायला जागा नसते, कारण पावसात माजलेले रान साफ करायला प्रत्येकाला त्याच दिवसांत कटर हवा असतो. अशाच एका ऑगस्टमधल्या दुपारी आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी पिशवीतून रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याएवढी मोटार घेऊन आले. मुंबईच्या नातवाने ती मे महिन्यात भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मनसोक्त पळवली होती आणि जाताना तशीच माळ्यावर ठेवली होती. "नातू चतुर्थीला येतोय. इंजिन जाम झालंय, दोरी ओढली की हाताला झटका बसतो. जमेल तुम्हाला?" गुरुजींनी विचारले.

साडेतीन सीसीचे ते टू-स्ट्रोक इंजिन होते. मी ग्लो प्लग, म्हणजे इंधन पेटवणारा छोटा प्लग, काढला, भोकातून तेलाचे चार थेंब सोडले, हीट गनने इंजिन गरम केले आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे जड चाक, हाताने हळूहळू फिरवून पाहिले. ते फिरले, मात्र पिस्टन अगदी वर पोहोचताना घट्ट अडकत होता. माझ्या हाताला कटरच्या इंजिनाची सवय, त्यामुळे सिलिंडर ओरखडला असावा असे वाटून मी बारीक पॉलिश पेपर हातात घेतलासुद्धा. स्लीव्ह, म्हणजे पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी, बाहेर काढून उजेडात धरली तेव्हा आतला क्रोमचा मुलामा आरशासारखा स्वच्छ दिसला आणि मी थांबलो. या इंजिनाच्या पिस्टनला रिंगच नसते. पितळी स्लीव्ह आतून वरच्या बाजूला किंचित निमुळती केलेली असते, म्हणून थंड असताना पिस्टन वर चिमटल्यासारखा होतो. इंजिन चालू झाले की वरचा भाग सर्वांत जास्त तापतो, पितळ प्रसरण पावते आणि पिस्टनला हवी तेवढीच मोकळीक मिळते. तो पेपर मी एकदा जरी फिरवला असता, तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कायमचे गेले असते. तो क्षण आठवला की आजही अंगावर काटा येतो.

खरा दोष खाली होता. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, फिरवताना कानाला खरखर ऐकू येत होती आणि मागचे झाकण काढल्यावर मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर तांबूस गंज दिसला. या इंजिनाला पेट्रोल चालत नाही. त्याच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असते, बहुतेक वेळा त्यात एरंडेलही असते. मिथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि एरंडेल सुकले की चिकट थर धरते. आमच्याकडची जून-जुलैची हवा आणि टाकीत उरलेले इंधन, एवढ्यावर एका पावसाळ्यात पोलादाचे काय होते ते माझ्यासमोर होते.

पुढचे बेअरिंग 607 नंबरचे असल्याने ते बाजारात लगेच मिळाले. मागचे मात्र आतून 14 आणि बाहेरून 25.4 मिलिमीटरचे, म्हणजे बाहेरून बरोबर एक इंचाचे होते. ते मुंबईहून मागवावे लागले. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यातून, बेअरिंग ठोकून काढायचे नसते. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून पाण्याचा थेंब टाकताच चुरचुरून उडेल इतपत केस तापवून मी ती लाकडी ठोकळ्यावर पालथी आपटली आणि बेअरिंग आपोआप बाहेर पडले. नवे बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते, ते सकाळी गरम केसमध्ये अंगठ्याच्या दाबाने बसले.

इंजिन सुरू झाले, पण अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फेरे लवकर उतरत नव्हते. अशा वेळी लोक नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, फिरवत बसतात. गुरुजींच्या नातवानेही ती बरीच फिरवली असावी. मला हवा शिरत असल्याची शंका आली. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरचे तोंड बंद करून मी इंजिन कोमट पाण्यात बुडवले आणि इंधनाच्या नळीतून फुंकले, तर कार्ब्युरेटरच्या मानेपाशी बुडबुड्यांची बारीक माळ लागली. तिथली ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, सुकून चपटी झाली होती. ती बदलून नीडल पुन्हा लावल्यावर फेरे एका दमात खाली आले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आजोबा आणि नातू दोघेही आले. गाडी सुरू करण्यापूर्वी हेड, म्हणजे इंजिनाचा माथा, गरम करायचे, कारण थंड इंजिनाची दोरी ओढली की त्या निमुळत्या जागीच स्लीव्ह झिजते, हे मी मुलाला करून दाखवले. खेळ झाला की टाकी रिकामी करून उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे, मग प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून तेल सोडून फ्लायव्हील फिरवायचे आणि पिस्टन खालीच ठेवायचा, हेही सांगितले. पिस्टन खाली आला हे बाहेरून कळावे म्हणून फ्लायव्हीलवर लाल रंगाचा ठिपका दिला. जुने गंजके बेअरिंग त्याने मागून घेतले, बोटावर फिरवले आणि कानाशी धरले. "आजोबा, हे बघा, वाळू असल्यासारखं वाजतंय," तो म्हणाला.

अनंत चतुर्दशीनंतर गुरुजींचा फोन आला. नातू मुंबईला परतला होता, गाडी त्यांनी स्वतः माळ्यावर ठेवली होती. "ठिपका खाली आहे," ते म्हणाले, "आणि टाकी कोरडी आहे. मी दोनदा पाहिलं."