हेड हंटर्स, १९७३ : पहिल्या बाजूचा शेवट सुधारला

जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकची ‘हेड हंटर्स’, कोलंबियाची एलपी, क्रमांक केसी ३२७३१. या खेपेचं काम : धुणं, सुईची जुळवणी, मग दोन्ही बाजू २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर संगणकात उतरवणं. धुतल्यावर चरचर जवळपास गेली, पण ‘वॉटरमेलन मॅन’मधला फाटका आवाज तसाच राहिला. दोष मळाचा नव्हताच.

धुण्याचं थोडक्यात. ७५० मिली डिस्टिल्ड वॉटर, २५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, फोटोग्राफीच्या वेटिंग एजंटचे (पाणी सारखं पसरवणाऱ्या द्रवाचे) चार-पाच थेंब. (हेच मिश्रण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना लावलंत तर तबकडी गेली म्हणून समजा.) मऊ ब्रश खाचांच्या दिशेनंच फिरवायचा आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचं. हा शेवटचा हात टाळला की वेटिंग एजंट खाचेत वाळतो आणि पहिल्याच वाजवणीत सुईवर पांढरा गोळा जमतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते ती बहुतेकदा कागदी आतल्या पाकिटामुळे. धुतलेली रेकॉर्ड त्याच पाकिटात परत घालू नये.

आता मूळ दुखणं. पहिल्या बाजूवर ‘कमिलियन’ १५:४१ आणि ‘वॉटरमेलन मॅन’ ६:२९, म्हणजे बावीस मिनिटांहून जास्त. बाजू भरलेली, आणि दुसरं गाणं सरळ लेबलाकडे सरकलेलं. बाहेरच्या कडेला, १४.६ सेंमी त्रिज्येवर, खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी पळते. ६ सेंमीवर तीच जेमतेम २१ सेंमी. त्यामुळे हाय-हॅटची (ड्रमच्या जोड-झांजेची) आणि क्लॅव्हिनेटच्या (विजेवरच्या तारांच्या कीबोर्डच्या) ठोक्याची वळणं इतकी दाटतात की जाड टोकाच्या सुईला त्यांत उतरता येत नाही. ‘कमिलियन’ची सुरुवात सुरेख वाजली म्हणून जुळवणी बरोबर आहे असं मानणाऱ्यांची फसगत इथेच होते.

कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५, सुई ई म्हणजे लंबगोल टोकाची, सुईवरचं वजन २.० ग्रॅम. बेअरवाल्डच्या ६६ आणि १२०.९ मिमी या बिंदूंवर (केंद्रापासूनची ही दोन अंतरं, जिथे सुई खाचेशी अचूक सरळ बसते) जुळवणी पुन्हा केली, तेव्हा फाटणं निम्म्यानं कमी झालं. त्यानंतर अँटी-स्केटिंग (सुईची केंद्राकडची ओढ तोलणारा जोर) वाढवून पाहिलं तर उलट डावा चॅनल बिघडला, म्हणून ते पूर्ववत. वजन १.८ वर आणल्यावर स्थिती आणखी वाईट. सुई हलकी केली की खाच वाचते हा गैरसमजच. सैल सुई खाचेत उड्या मारते आणि नुकसान तीच करते. शेवटी त्याच कार्ट्रिजला एमएल म्हणजे मायक्रोलाईन, अधिक बारीक टोकाची सुई लावली (ओढून काढायची, दुसरी बसवायची, कार्ट्रिजला हात लावावा लागत नाही) आणि क्लॅव्हिनेट मोकळा झाला. उरलेली थोडी खरखर आधीच्या कुणाच्या झिजलेल्या सुईनं कोरलेली. ती आता जाणार नाही.

आवाज स्वच्छ झाल्यावर थर सुटे दिसतात. ‘कमिलियन’चा तो प्रसिद्ध बेस मुळात बेस गिटार नाही, हॅनकॉकचा आर्प ओडिसी सिंथेसायझर आहे. पॉल जॅक्सनची बेस गिटार वरच्या पट्टीत तुटक वाजते आणि अनेक जण तिलाच गिटार समजतात. या संचात गिटारवादक नाहीच! ‘वॉटरमेलन मॅन’च्या तोंडी येते ती बासरी नसून तालवादक बिल समर्सनी फुंकलेली बिअरची बाटली. मध्य आफ्रिकेतल्या पिग्मींच्या हिंदेव्हू या फुंकवाद्य वाजवण्याच्या पद्धतीवरून घेतलेली ही कल्पना. १९६२च्या मूळ रूपाशेजारी ठेवून ऐकलं तर ड्रमवादक हार्वी मेसनच्या मांडणीनं गाणं किती बदललं ते कळतं.

दुसऱ्या बाजूला ‘स्लाय’ निर्धोक. ‘व्हेन मेल्टर’ही आतच आहे, पण संथ आणि बास क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांचं, म्हणून फारसं फाटत नाही. तिथे परीक्षा वेगळी. रेकॉर्डचं मधलं भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तर ६ सेंमीवर सूर ०.८ टक्के वरखाली होतो, कडेला जेमतेम ०.३४. ऱ्होड्सच्या (विजेवरच्या पियानोच्या) लांब स्वरांवर हे लगेच कळतं. मात्र ऱ्होड्सवर ‘व्हायब्रेटो’ लिहिलेली सोय आवाजाची पातळी हलवते, सूर नाही. तिला दोष समजू नका. सूरच दर १.८ सेकंदांनी डोलत असेल तर भोक सरकलेलं. या प्रतीत डोल नाही.

नोंदीची पातळी ‘कमिलियन’मधल्या सर्वांत जोरकस जागेवर उणे ६ डेसिबल ठेवली. पहिल्या बाजूची फाईल सुमारे ७६६ एमबी. २० हर्ट्झखालचा गडगडाट गाळला. क्लिक काढणारं स्वयंचलित साधन मात्र बंदच ठेवा : क्लॅव्हिनेटचा ठोका त्याला क्लिकसारखाच दिसतो आणि फंकची धारच बोथट होते. अकरा क्लिक तरंगरेषा मोठी करून हातानं काढले. दुसरी बाजू अजून बाकी.