कोड आला, ओटीपी गेला

मी नागपुरात एका सरकारी ऑफिसात प्रोग्रामर आहे, खातं कुठलं ते राहू द्या. आमची ऑनलाइन लायसन्सची सिस्टीम इतकी वर्षं बाहेरची कंपनी चालवायची, साधा एक कॉलम वाढवायचा तरी वेगळं बिल, म्हणून वरून ठरलं की कॉन्ट्रॅक्ट संपलं की आपणच चालवायचं. सोर्स कोड, डेटाबेस, सर्व्हरचे पासवर्ड, सगळं रीतसर सह्या होऊन ताब्यात आलं आणि सोमवारी सकाळी, मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, एकाही अर्जदाराला ओटीपी जाईना.

लॉगमध्ये तर मेसेज व्यवस्थित निघालेले. मग ट्यूब पेटली, डीएलटी, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी! ट्राय, म्हणजे टेलिकॉमचं नियामक मंडळ, त्याच्या नियमाने पाठवणारी संस्था, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचा मजकूर हे सगळं टेलिकॉमवाल्यांच्या पोर्टलवर आधी नोंदवावं लागतं, 2021 पासून तर न जुळणारा मेसेज सरळ अडवतात. आमची सगळी नोंदणी कंपनीच्या नावावर. हँडओव्हरच्या यादीत कोडची फाईल न् फाईल होती, हेडरचा ह नव्हता.

काउंटरवर तोवर ही रांग. एक काका म्हणे, "काहून मॅडम, कंपनी होती तवा तं चालत होतं ना बाप्पा!" काय बोलणार. बडे बाबूंनी मात्र डोकं चालवलं, ओळखपत्र बघायचं, रजिस्टरमध्ये सही घ्यायची नि अर्ज आतून पुढे सरकवायचा, आणि साहेबांची लेखी परवानगीही लगेच आणली.

मग खात्याच्या नावाने नोंदणी, पॅन, ऑथोरिटी लेटर, वगैरे वगैरे. मजा टेम्प्लेटची, म्हणजे नोंदवायच्या मजकुराची झाली. मराठी मेसेज युनिकोडमध्ये जातो, एका एसएमएसमध्ये 160 ऐवजी 70च अक्षरं, आणि साहेबांचा मसुदा "महोदय/महोदया, आपणांस कळविण्यात येते की" पासून सुरू, म्हणजे ओटीपी येईस्तोवर पहिला मेसेज संपलेला. भांडून कापला.

सरकारी माणसाला आयटी जमत नाही हे मला पटत नाही, एनआयसी ही केंद्र सरकारची आयटी संस्था 1976 पासून आहे, ब्रिटनच्या डीव्हीएलएनेही, म्हणजे तिथल्या गाड्या नि लायसन्सच्या खात्याने, 2015 मध्ये आयटीचं काम बाहेरच्या कंपन्यांकडून परत आत घेतलं. पण नोंदणी नि लॉगिन ज्याच्या नावावर, सिस्टीम त्याच्याच हातात, हे हँडओव्हरच्या कमिटीतल्या कोणी बघितलंच नव्हतं.

ओटीपी सुरू झाल्यावर बाबू नि मी बाकी शोधत बसलो. पेमेंट गेटवेचं लॉगिन, वेबसाइटच्या सुरक्षेच्या एसएसएल सर्टिफिकेटच्या रिन्युअलचा मेल, सगळं कंपनीच्याच पत्त्यावर. साहेब म्हणाले, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये नव्हतं का? बाबू म्हणाले, "होतं ना साहेब, 'इतर अनुषंगिक बाबी' मध्ये."