तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळ की छातीचा पट्टा?

व्यायाम नव्यानं सुरू केलेली माणसं मला हमखास विचारतात, की हार्ट रेट बघायला मनगटावरचं घड्याळ पुरेल, की छातीला बांधायचा पट्टाच घ्यावा? मी आधी उलट विचारते: आकडा दिसल्यावर तुम्ही त्याचं करणार काय? रोज चालायला जाता आणि हालचाल किती झाली एवढंच बघायचंय, तर घड्याळ भरपूर झालं. पण त्या आकड्यावरून धावण्याचा किंवा सायकलचा वेग कमी-जास्त करणार असाल, इंटरव्हल, म्हणजे जोरात आणि हळू असे आलटूनपालटून टप्पे, करणार असाल, तर पट्टा घ्या. यात माझं मत पक्कं आहे.

कारण ही दोन यंत्रं दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, ईसीजीत दिसतो तोच. प्रत्येक ठोक्याला एक ठसठशीत खूण मिळते, त्यामुळे मोजणीत घोळ कमी. फिनलंडच्या पोलार कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छातीवरून मनगटावर बिनतारी आकडा पाठवणारं यंत्र आणलं, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. घड्याळ मात्र त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, आणि ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त झालं की परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. त्या चढउतारावरून घड्याळ अंदाज बांधतं. शांत बसलेले असताना हा अंदाज चांगला येतो. हात हलायला लागला, मूठ आवळली, थंडीनं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसल्या, की बिघडतो. वजनं उचलताना मनगट सतत वाकतं, तेव्हा तर घड्याळाकडे बघूच नये असं मी सांगते. मनगटावर गडद टॅटू असेल तरी प्रकाश अडतो.

सगळ्यात फसवी गोष्ट धावताना होते. निवांत धावताय, शेजारच्याशी गप्पा चालू आहेत आणि घड्याळ म्हणतंय १६८! पावलांच्या लयीनं हात हलतो, त्याच लयीत घड्याळ त्वचेवर हलतं, आणि सेन्सर ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतो. बऱ्याच जणांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात, म्हणून आकडा अगदी पटण्यासारखा येतो. शंका आली तर थांबा आणि लगेच मानेवर किंवा मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, चारनं गुणा. थांबल्यावर ठोके झपाट्यानं उतरतात, त्यामुळे थोडा फरक पडणारच; चाळीसचा फरक दिसला तर मात्र घड्याळ चुकतंय. ते मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर सरकवा आणि धावताना घड्याळाचा पट्टा एक घर घट्ट करा. ज्यांना छातीला काही बांधणं नकोच वाटतं त्यांच्यासाठी दंडावरचा बँड हा चांगला मधला मार्ग आहे. सेन्सर प्रकाशाचाच, पण दंड मनगटाइतका वाकत नाही.

आता जे कोणी विचारत नाही, पण विचारायला हवं, ते सांगते. तुमच्या घड्याळातले झोन, म्हणजे व्यायाम किती जोराचा आहे ते दाखवणारे रंगीत टप्पे, तुमच्या कमाल ठोक्यांवरून ठरतात, आणि ती कमाल बहुतेक वेळा २२० वजा वय या सूत्रावर बेतलेली असते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे सूत्र रूढ आहे, आणि ते फक्त सरासरी सांगतं. एकाच वयाच्या माणसांत खरे कमाल ठोके या सरासरीच्या दहा-बारा इकडेतिकडे सर्रास असतात, काहींचे त्याहून लांब. पंचेचाळिशीच्या तिघांना घड्याळ १७५ हीच कमाल देईल. समजा एकाची खरी कमाल १६०, दुसऱ्याची १७५, तिसऱ्याची १९० आहे. तिघेही १३० ठोक्यांवर धावले तर पहिला आपल्या कमालीच्या ८१ टक्क्यांवर आहे, म्हणजे दमवणाऱ्या व्यायामात; तिसरा ६८ टक्क्यांवर, आरामात. घड्याळ तिघांना एकच रंग दाखवतं! २००१ मध्ये आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र उतारवयात जास्त बरं बसतं, पण तीही सरासरीच.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन कमाल ठोक्यांचा आकडा स्वतःचा टाका. तब्येत ठणठणीत असेल आणि धावण्याची सवय असेल, तर नीट वॉर्म-अप करून चढावर दोन-तीन मिनिटांच्या जोरदार फेऱ्या मारा. शेवटच्या फेरीत पट्ट्यावर दिसलेला सर्वांत मोठा आकडा पुष्कळ जवळचा असतो. छातीत दुखणं, चक्कर, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर हे करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयाच्या त्रासावर देतात त्या) गोळ्या चालू असणाऱ्यांना तर कोणतंच सूत्र लागू होत नाही, कारण त्या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. त्यांनी बोलण्याची कसोटी लावावी: पूर्ण वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. खरं तर ही कसोटी सगळ्यांनीच आकड्याच्या जोडीला ठेवावी.

आकडा वाचतानाही थोडं भान हवं. उन्हात, किंवा तासाभरानंतर घाम बराच गेला की त्याच वेगाला ठोके हळूहळू चढत जातात. तेवढ्यावरून फिटनेस घसरला असं मनाला लावून घेऊ नका. अर्ध्या मिनिटाच्या स्प्रिंटमध्ये तर ठोके वर पोचेपर्यंत स्प्रिंट संपलेला असतो, तिथे हार्ट रेट बघण्यात अर्थच नाही. उलट सकाळी अंथरुणातून उठण्याआधीचा आकडा रोज बघा. झोप अपुरी झाली, ताप येऊ घातला, आदल्या दिवशी व्यायाम जास्त झाला, की तो नेहमीपेक्षा वर जातो. त्या दिवशी मी बिनदिक्कत हलकं धावते.

पट्टा घेतलात तर बांधण्याआधी आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड (संकेत पकडणाऱ्या पट्ट्या) पाण्यानं ओले करा. कोरड्या त्वचेवर पहिली पाच-दहा मिनिटं घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात, आणि लोक यंत्राला दोष देतात. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, दीर्घ श्वास घेता येईल इतपत घट्ट हवा. व्यायाम झाला की टिचबटणं उघडून सेन्सर वेगळा काढा आणि पट्टा साध्या पाण्यात खळबळून वाळत घाला. ओल्या पट्ट्याला सेन्सर तसाच लावून ठेवला तर तो चालूच राहतो, बटण सेल लवकर संपतो.