बाळाला घेऊन इमॅजिकाला जावं का?

आधीच सांगते, इमॅजिका म्हणजे खोपोलीजवळचं थीम पार्क, आठ महिन्यांच्या बाळाला तिथलं काहीही कळत नाही. "तिला मजा येईल" म्हणून जाणार असाल तर सारसबागेत न्या, तेवढीच खूश होईल. तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर मात्र बिनधास्त जा, आम्ही तसेच गेलो.

कोथरूडहून लोणावळ्यापर्यंत मॅडम गाढ झोपलेल्या, खरी गंमत घाटात. उतरताना हवेचा दाब वाढत जातो, आपल्या कानांना दडे बसतात पण आपण आवंढा गिळतो आणि कान मोकळे होतात, बाळाला ते सांगणार कोण. चालत्या गाडीत सीटमधून काढून अंगावर पाजायचं नाही, म्हणून सिपरमधून घोट घोट पाणी देत राहिलो आणि रडारड वाचली.

दुसरं म्हणजे उकाडा. आपण पुण्यात साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो, खोपोली पार घाटाखाली, त्यामुळे तिथे डिसेंबरातसुद्धा दुपारी घामाच्या धारा. ऊन लागू नये म्हणून अनेकजण प्रॅमवर ओढणी टाकून सगळीकडून बंद करतात, ते अजिबात करू नका, आत हवा खेळत नाही आणि भट्टी होते. सरळ सावलीत बसा नाहीतर एसी असलेल्या शोमध्ये शिरा, फक्त आवाज किती मोठा आहे ते आधी विचारा.

राईडला उंची बघतात, त्यामुळे मोठ्या राईडमध्ये बाळ बसू शकत नाही आणि कोणीतरी एक बाहेर थांबणार हे धरूनच चाला. आमच्याबरोबर सासूबाई होत्या (निघताना "एवढ्याशा लेकराला कुठे उन्हातान्हात" वगैरे झालंच) पण त्यांना त्या पाळण्यांमध्ये शून्य इंटरेस्ट, त्या प्रॅम घेऊन झाडाखाली बसल्या आणि आम्ही दोघं चक्क एकत्र नायट्रो रोलर कोस्टरवर! डिलिव्हरीनंतर पहिल्यांदा मी एवढी मोकळी किंचाळले असेन. आजी नसेल तर मावशी न्या, आत्या न्या, पण तिसरं मोठं माणूस हवंच.

सगळं बघून पैसे वसूल करायच्या नादाला लागू नका, तिच्या झोपेच्या वेळा सांभाळून जेवढं होईल तेवढं. आणि जमलं तर मंगळवार-बुधवार बघा, वीकेंडला घाटातल्या ट्रॅफिकमध्ये भुकेलं बाळ मागच्या सीटवर म्हणजे नको रे बाबा.