एर्लांगेनच्या जिन्यातला बोजारा

आमच्या दाराशी, चपलांच्या रॅकवर, सध्या एक लाकडी बैल उभा आहे. वीतभर उंच, खाली चार चाकं, शिंगांना लाल-सोनेरी बेगड, पाठीवर आईने जुन्या साडीच्या काठाची शिवलेली झूल आणि गळ्यात तीन घुंगरं. नागपूरच्या माणसाला हा तान्ह्या पोळ्याचा बैल हे सांगायला नको, पण इथे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं. ते काम आमचा मोठा करतो, जर्मनमध्ये, हातवारे करून, आणि समोरच्याला पूर्ण कळेपर्यंत तो त्याला बूटसुद्धा काढू देत नाही.

मी मूळची नागपूरच्या नंदनवनची. आता आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहतो, बायर्नमध्ये, न्यूर्नबर्गच्या शेजारी. घरी आम्ही चौघं, मोठा सहा वर्षांचा आणि धाकटी तीनची. बऱ्याच मैत्रिणी विचारतात की तिकडे पोरांना कसं वाढवता, मदतीला कोणी असतं का, तर कोणी नसतं हेच खरं उत्तर. धाकटीच्या वेळी आई आली होती पण व्हिसा 90 दिवसांचा, त्यामुळे पोरगी मान धरायला लागली आणि आईची जायची तारीख आली. विमानतळावरून परत आल्यावर घर इतकं रिकामं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले, ओट्यावर तिने डिंकाच्या लाडवांचा डबा भरून ठेवला होता आणि झाकणावर कागद चिकटवला होता, "रोज दोन खायचे."

रोजची सकाळ म्हणजे सव्वासहाला उठणं, दोन डबे, दोन पाण्याच्या बाटल्या आणि पाऊस असला तर रबरी पॅंट, कारण इथे कीटात, म्हणजे बालवाडीत, पाऊस असला तरी मुलांना बाहेर नेतातच. मग नवरा सायकलला मागची गाडी जोडतो, धाकटी त्यात बसते आणि मोठा स्वतःच्या सायकलवर पुढे. एर्लांगेन सायकलींचंच गाव आहे. नऊ वाजता माझी पहिली मीटिंग असते. दहाला कीटातून फोन आला की समजायचं ताप आलाय, लॅपटॉप बंद करून निघायचं. इथे सरकारी विमा असला तर आजारी मुलासाठी आईला 15 आणि बाबांना 15 दिवस मिळतात, एका मुलामागे वर्षाला, आणि हा फार मोठा आधार आहे. पण पोराच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवताना शेजारी कोणीतरी बसून "काही नाही होत, उद्या उतरेल" म्हणणारं लागतं नं, ते त्या 15 दिवसांत येत नाही.

धाकटीला कीटात घातलं तेव्हाची गोष्ट. इथे मुलाला पहिल्या दिवशी सोडून निघून जात नाहीत. पहिले काही दिवस आईने किंवा बाबांनी वर्गातच बसायचं, मग पाच मिनिटं बाहेर, मग पंधरा, मग अर्धा तास, असं करत करत काही आठवडे. मी त्या बुटक्या लाकडी खुर्चीवर कोपऱ्यात बसायची आणि ती दोन मिनिटं खेळून धावत येऊन माझ्या गुडघ्याला हात लावून परत जायची, फक्त हात लावायची, बोलायची नाही. आठव्या दिवशी ती आलीच नाही. मी वाट बघत राहिले. ती तिकडे पाण्याच्या भांड्याशी उभी राहून ताईंना "पाणी, पाणी" म्हणत होती आणि त्या जर्मन ताई पण "पाणी" म्हणाल्या आणि ग्लास भरून दिला. माझी लेक माझ्याशिवाय तहानेचं सांगू शकली! मला रडू आलं, आणि हे तेव्हाच्या तेव्हा कोणाला सांगावं तर नागपुरात दुपारचे पावणेदोन, आई जेवत असणार. तरी लावला फोन. आई म्हणाली, "अगं पण तिने पिलं नं पाणी?"

हेच सांगायचंय मला. पोरांचे मोठे क्षण इथे असे येतात, साध्या मंगळवारी, आणि आम्हा दोघांशिवाय बघणारं कोणी नसतं.

जूनमध्ये मोठ्याने पोहण्याचा पहिला बिल्ला मिळवला. समुद्रघोड्याचं चित्र असतं त्यावर, आणि जर्मनीतलं लहान पोर त्या एका बिल्ल्यासाठी महिनोनमहिने क्लासला जातं. काठावरून उडी मारायची, 25 मीटर पोहायचं, खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची वस्तू वर आणायची आणि पाण्याचे नियम सांगायचे. मागच्या वेळी तो अर्ध्यावर काठ धरून थांबला होता. यावेळी सुटला. शेवटच्या दहा मीटरला त्याचं डोकं खाली जायचं आणि वर यायचं आणि मी काचेच्या या बाजूला उभी राहून त्याच्याबरोबर श्वास घेत होते. तलावावर फोटो-व्हिडिओ काढायला मनाई, त्यामुळे आजीला दाखवता आलं नाही. बाहेर पार्किंगमध्ये ओल्या केसांनीच त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं, तिकडे आई-बाबा दोघं एका फोनमध्ये डोकं घालून बसलेले, निम्म्यात नेट अडकलं आणि बाबांचा चेहरा तोंड उघडलेला तसाच थांबला. मोठा म्हणाला, "आजोबांना दिसलं का आई?" मी हो म्हटलं. बिल्ला त्याच रात्री चड्डीवर शिवून टाकला.

म्हणून यंदा ठरवलंच होतं की शाळा सुरू व्हायच्या आधी नागपूरला जायचं. बायर्नमध्ये उन्हाळ्याच्या सुट्ट्या सगळ्यात उशिरा लागतात, 2025 मध्ये ऑगस्टपासून 15 सप्टेंबरपर्यंत होत्या, आणि पोळा आला 22 ऑगस्टला. इतकं जुळून आलं की तिकीट काढताना मी आधी कॅलेंडरवर अमावस्या बघितली. फ्रँकफर्ट, दिल्ली, नागपूर. विमानतळाबाहेर पडल्या पडल्या तो दमट वास, बाबा हात वर करून उभे, आणि धाकटी जी फोनवर आजोबांशी खूप बोलते ती माझ्या मागे लपली. बाबा काही बोलले नाहीत, खिशातून संत्रा गोळी काढली आणि हातावर ठेवून तसेच उभे राहिले. अर्ध्या मिनिटात ती त्यांच्या कडेवर.

पहिले दोन आठवडे जेटलॅग, पाहुणे, सकाळचे तर्री पोहे, आणि संध्याकाळी बोटांत घालून खायचा आलूपोंगा, यात गेले. मोठ्याचा खालचा दात जर्मनीतच हलायला लागला होता. तिकडे दात हलणं म्हणजे पोरगं शाळेच्या वयाचं झालं, कीटातल्या सगळ्या मुलांत त्याचा मान असतो. तो दात नागपुरात भाजलेलं कणीस खाताना पडला, दाण्यांत अडकून, थोडं रक्त आणि खूप आरडाओरडा. माझ्या मोबाइलची वाट न बघता बाबांनी त्याला अंगणात नेलं, दोघांनी तुळशीच्या मुळाशी बोटाने खड्डा केला आणि दात पुरला. मागून आई, शेजारच्या काकू, काकूंची सून, दूध घेऊन आलेला मुलगा, सगळे उभे. मोठ्याने मातीवर हात थोपटला आणि मान वर केली तर इतकी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही.

मग पोळा. बाबांच्या चुलतभावाची शेती आहे उमरेडच्या बाजूला, आदल्या दिवशीच गेलो. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून आमंत्रण दिलं. मोठा विचारत होता की बैलांना कसं कळलं. काका म्हणाले, "दरसाल तर सांगतो त्याइले, कसं नाही कळत?" दुसऱ्या दिवशी बैलांना सुट्टी, कामाला जुंपायचं नाही, पुरणपोळीचा घास आधी त्यांना.

आणि 23 तारखेला तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मोठा पोळा खऱ्या बैलांचा आणि दुसऱ्या दिवशीचा पोरांचा, लाकडी बैलांचा. नागपूरकर भोसल्यांनी, दुसऱ्या रघुजी राजांनी 1806 साली सुरू केला तो, मुलांनाही बैलाचं महत्त्व कळावं म्हणून, आणि नागपूरच्या महाल भागातल्या भोसले वाड्याचा लाकडी बैल अजूनही निघतो. त्या दिवशी सकाळी इतवारी-महालात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते, काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून. गर्दीमुळे पोरांना नेलं नाही, पण आईने घरात सांगून ठेवलं होतं की जे नको असेल ते मारबतीला घेऊन जायला सांगायचं. तर आमची धाकटी गॅलरीत उभी राहून ओरडत होती, "नाक गळणं घेऊन जा गे मारबत!" कीटातल्या पोरीला दुसरं काय नको असणार.

बैल बाबांनी माझाच काढला होता, माळ्यावरचा. मला वाटलं होतं कधीच गेला असेल. एक चाक नवीन बसवलं, बाकी रंग दिला, आईने झूल शिवली. बेगड लावायला मोठा आणि बाबा दोन तास खाली बसले होते, डिंकाचे हात, पंखा बंद कारण बेगड उडते, दोघं घामाघूम. शिंगाच्या टोकाला बेगड बसत नव्हती. बाबांनी चार वेळा काढून परत लावली, कात्रीने अगदी नखाएवढा त्रिकोण कापला, जिभेने ओला केला आणि अंगठ्याने दाबून धरला, आणि मोठा त्यांच्या अंगठ्याकडे बघत हळूच आकडे मोजत होता, जर्मनमध्ये, तीसपर्यंत.

संध्याकाळी मैदानात रांगेने बैल लागले, बोटाएवढ्यापासून माणसाएवढ्यापर्यंत, वर आंब्याच्या पानांचं तोरण. मोठा धोतर, बंडी, डोक्याला फेटा, हातात छोटी तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. बक्षीस काही मिळालं नाही, त्याला त्याचं काहीच नव्हतं. कारण तोरण तुटल्यावर सगळी पोट्टी आपापले बैल ओढत घरोघरी पळाली बोजारा, म्हणजे बैलाच्या नावाचे पैसे-खाऊ, मागायला, आणि तोही गेला, चाकं खडखड करत, धाकटी मागून घुंगरू आवाज करतं म्हणून खूश. प्रत्येक दारात कोणीतरी बैलाला कुंकू लावायचं, पोरांच्या हातावर दहा-वीस रुपये किंवा चॉकलेट ठेवायचं. एका आजींनी विचारलं, "कोनाचा बाप्पा तू?" तो म्हणाला, "आजोबांचा." बस, तेवढं पुरलं. त्यांनी बाबांचं नाव घेतलं, मला आवाज दिला, "अगं तू तीच नं, याच बैलाले रडत होती चाक तुटलं म्हनून?" मला आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं.

रात्री 340 रुपये मोजले. झोपताना मोठा म्हणाला, "आई, हे सगळे लोक मला कसे ओळखतात?"

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. बैल 23 किलोच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून, पापड आणि गोडा मसाला बाजूला सारून.

16 सप्टेंबर, मंगळवार, शाळेचा पहिला दिवस. इथे पहिलीत जाणारं पोर हातात कागदाचा मोठा शंकू घेऊन जातं, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. शूलट्यूट म्हणतात. ही रीतसुद्धा साधारण 200 वर्षांची, सॅक्सनी-थुरिंगियाकडची, आपल्या तान्ह्या पोळ्याच्याच वयाची म्हणायची. पूर्वी पोरांना सांगायचे की शाळेत एक झाड असतं त्याला हे शंकू लागतात, ते पिकले की तुझी शाळेत जायची वेळ झाली. आमचा शंकू मी जूनमध्येच कीटातल्या पालकांबरोबर बसून केला होता, निळा, वर रॉकेट. पण नागपूरहून आल्यावर त्याला रॉकेटवर बैल हवा होता. 15 तारखेच्या रात्री नवऱ्याने पुठ्ठ्याचा बैल कापला आणि मी उरलेली बेगड शिंगांना लावली, नखाएवढा त्रिकोण, अंगठ्याने दाबून. आत रंगपेट्या, खोडरबर, संत्रा गोळ्या आणि तळाशी बाबांनी दिलेलं दहा रुपयांचं नाणं.

शाळेच्या सभागृहात बाईंनी नाव घेतलं, तो शंकू दोन्ही हातांनी धरून चालत गेला आणि दारात वळून आमच्याकडे बघितलं. यावेळी फोटोला मनाई नव्हती. नवरा व्हिडिओ कॉल धरून उभा, पडद्यावर आई, बाबा, शेजारच्या काकू, काकूंची सून.

घरी आल्यावर शंकू रिकामा झाला, सगळं मोजून झालं, आणि मग दोघंही बैल घेऊन दाराबाहेर गेले. मला वाटलं खाली अंगणात जातायत. थोड्या वेळाने जिन्यातून खडखड आणि घुंगरांचा आवाज, मग बेल. पहिल्या मजल्यावरच्या जर्मन आजींचं दार. मी धावत खाली गेले तर मोठा त्यांना समजावत होता, बैल वर्षभर काम करतो, आज त्याची सुट्टी, तुम्ही त्याला काहीतरी द्यायचं असतं. आजी ऐकत होत्या, बैलाच्या शिंगाला बोट लावून बघत होत्या. मग आत गेल्या आणि दोन युरोचं एक नाणं आणि दोन सफरचंदं घेऊन आल्या, नाणं त्याच्या हातावर ठेवलं आणि एक सफरचंद खाली वाकून बैलापुढे.

संध्याकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कुंकू लावलं का त्यांनी?" मी नाही म्हटलं. "मग तू घेऊन जा खाली थोडं, आणि पुरणाचं काही असेल तर ते पण ने."