सातपुडा असताना बाग कशाला?

सातपुडा दारात असताना महाविद्यालयाच्या आवारात वनस्पती उद्यान कशाला जपता, हा प्रश्न चोपडा-यावलकडच्या नातेवाइकांपासून विद्यार्थ्यांच्या पालकांपर्यंत अनेकांनी मला विचारला आहे. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून लिहितो.

पूर्वी मी एन्सेफालार्टोस वुडी या सायकसवर्गीय झाडाचे उदाहरण देऊन मोकळा होत असे. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्गोये जंगलात त्याचे एकच नर झाड सापडले आणि आज ती जात जगभरच्या उद्यानांमुळेच उरली आहे, हे खरे आहे. पण मादी झाड आजवर मिळालेले नसल्याने ती सारी झाडे त्या एकाच नराच्या फुटव्यांची आहेत आणि त्यांना बी धरत नाही, एवढे मात्र मी सांगायचे टाळत असे.

त्याच खात्रीने मी वनखात्याच्या परवानगीने सातपुड्यातल्या एका उतारावरून, औषधी कंदासाठी खणल्या जाणाऱ्या सफेद मुसळीचे बारा झुबके उपटून आणले होते. जागा दाखवणाऱ्या पावरा बाबांना मी म्हणालो, "बागेत आले की सुरक्षित." पावसाळा सरला की मुसळीची पाने सुकून जातात आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीवर काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात मी पेपर तपासणीला बाहेरगावी असताना पाहणी समितीसाठी आवार साफ करण्यात आले, नावांच्या पाट्या उपटल्या गेल्या आणि मोकळी दिसणारी ती जागा खणून तिथे फरशी बसवण्यात आली. माळीदादांना दोष देणे सोपे होते, परंतु वाफ्याचा नकाशा माझ्या वहीत होता आणि वही माझ्या घरी.

पावसाळ्यात त्या उतारावर गेलो, तर तिथे खणलेले खड्डेच खड्डे होते. बाबांनी विचारले, "सर, तुम्ही नेलेले तरी जगले ना?" मला उत्तर देता आले नाही.

शेतात मुसळी मुबलक पिकते, मग चिंता कसली, असेही तुम्ही म्हणाल. पण विक्रीसाठी लावलेली मुसळी आणि त्या उतारावर शतकानुशतके टिकलेली मुसळी यांचे गुण एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

आता मी कंद उपटत नाही, फक्त बी आणतो, जरी ते फार कमी उगवते. नकाशाची एक प्रत माळीदादांकडे आणि थोडे बी दुसऱ्या एका उद्यानात ठेवतो. यंदा मृगानंतर नऊ रोपे वर आली. ती बागेत वाढवावीत की त्यांच्या उतारावर परत न्यावीत, हे माझे अजून ठरलेले नाही.