अ‍ॅम्प घेण्याआधी चार्जर काढून बघा

कॉम्प्युटरवर हेडफोन मनासारखा वाजत नाही म्हटलं, की पहिला सल्ला मिळतो तो अ‍ॅम्प (हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर) घेण्याचा. अ‍ॅम्पचं काम एकच: हेडफोनला लागेल तेवढा व्होल्टेज आणि करंट पुरवणं. घरघर, खरखर, मीटिंगमध्ये अचानक डब्यातून आल्यासारखा येणारा आवाज, यांतलं काहीच तो बरा करत नाही. मुळात घरघर असेल तर तीही गाण्याबरोबर मोठी होते.

अ‍ॅम्प खरंच कुणाला लागतो, हे बेयरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोवरून छान कळतं. हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओममध्ये (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा) मिळतो आणि तिन्हींची सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल दिलेली असते. म्हणजे १ मिलीवॉट दिला की ९६ डेसिबल. गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणाला ११० डेसिबल हवेत असं धरलं, तर वरचे १४ डेसिबल म्हणजे साधारण २५ पट ताकद, म्हणजेच २५ मिलीवॉट. तिघांनाही तेवढेच. फरक पडतो तो व्होल्टेजमध्ये: ३२ ओमला ०.९ व्होल्ट पुरतो, ८० ओमला १.४ आणि २५० ओमला २.५ लागतात. यूएसबीत खोचून हेडफोन लावायचा बोटभर डॉंगल साधारण १ व्होल्ट देतो असं समजा. ३२ ओमवाल्याचं काम तिथेच संपलं. ८० ओमवाला ३ डेसिबलने कमी पडेल, त्याने रोजच्या ऐकण्यात फारसं अडत नाही. २५० ओमवाला ८ डेसिबलने मागे राहतो. हल्लीची गाणी मुळातच मोठ्या पातळीवर मास्टर केलेली असतात, ती तरीही ठीक वाजतील. जुन्या मैफलीचं हळू पातळीवरचं रेकॉर्डिंग लावलं, की व्हॉल्यूम १०० वर नेऊनही आलाप पुढे येत नाही. अ‍ॅम्प हवा तो इथे.

आणि घेताना खोक्यावरच्या वॉटला भुलू नका. ‘३२ ओमला १२५ मिलीवॉट’ वाचायला भरघोस वाटतं, पण ते फक्त २ व्होल्ट झाले. तोच अ‍ॅम्प २५० ओमला १६ मिलीवॉट देतो, आणि आपल्याला हवे होते २५. २५० किंवा ३०० ओमचा आकडा वेगळा दिलेला असेल तो बघा. इअरफोनही वापरत असाल तर गेनचं (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारं) बटण हवंच. हाय गेनवर इअरफोन लावला की मागे सूं ऐकू येतं, आणि नॉब अगदी खाली ठेवावा लागल्यामुळे एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा वाजतो. नॉब बिघडलेला नसतो, सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही बाजू नीट जुळत नाहीत एवढंच.

आता घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे: लॅपटॉप एका सॉकेटवर, अ‍ॅम्प किंवा स्पीकर दुसऱ्यावर, आणि मधल्या ऑडिओ किंवा यूएसबी केबलमधून वळसा पुरा होतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिली आणि जोडणी यूएसबीची असेल तर यूएसबी आयसोलेटर (मधली विजेची सलग जोडणी तोडणारं छोटं यंत्र) लावा. प्लगची तिसरी पिन मोडून घरघर घालवणारे महाभाग आहेत. ते करू नका, शॉक बसेल. माउस हलवल्यावर किंवा गेम सुरू झाल्यावर चिरचिर येत असेल तर प्रकार निराळा. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर आतल्या विजेच्या गोंगाटातून येते. मागचा जॅक वापरून बघा, नाहीतर डॉंगल घ्या. कॉम्प्युटरच्या जॅकवरचा बहुतेक त्रास अ‍ॅम्पपेक्षा स्वस्त डॉंगलनेच मिटतो.

ब्लूटूथची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: गाणी छान, मीटिंग सुरू झाली की सगळं बोंबललं. गाण्यांसाठी वापरली जाणारी एटूडीपी वाट एकतर्फी आहे, तिच्यात माइकला जागा नाही. कुठल्याही अ‍ॅपने हेडफोनचा माइक उघडला की जोडणी कॉलसाठीच्या हँड्सफ्री वाटेवर जाते आणि सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) सहसा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतं. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज जातो, म्हणून ८ वर असेल तर ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पोहोचत नाही, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ ओळखू येईनासे होतात. हेडफोन तीस हजारांचा असला तरी हेच. उपाय फुकट आहे: विंडोजमध्ये आणि मीटिंगच्या अ‍ॅपमध्येही माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. एलई ऑडिओत, म्हणजे ब्लूटूथच्या नव्या ऑडिओ पद्धतीत, ही अडचण सुटू शकते, पण त्यासाठी हेडफोन, लॅपटॉपची ब्लूटूथ चिप आणि ड्रायव्हर तिन्ही तयार हवेत. खोक्यावरच्या एलडॅकसाठी (सोनीची जास्त दर्जाची ब्लूटूथ ऑडिओ पद्धत) जादा पैसे कॉम्प्युटरपुरते तरी देऊ नका. विंडोज आणि मॅकमध्ये तो मुळात नसतो.

गेमिंग किंवा दिवसभर कॉल असतील तर २.४ गिगाहर्ट्झचा स्वतःचा वायरलेस डॉंगल असलेला हेडसेट बरा. उशीर कमी आणि माइक चालू असतानाही आवाज सहसा पडत नाही. फक्त तो डॉंगल चालू यूएसबी ३ हार्ड डिस्कच्या शेजारी खोचू नका. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि आवाज तुटायला लागतो. मीटरभर यूएसबी २ एक्स्टेंशन केबल घ्या आणि डॉंगल टेबलावर, डोक्याच्या समोर आणून ठेवा.